गोठवलेल्या दह्याची तीन दुकानं

प्रिय मास्तरीणबाई,

गेल्या रविवारी सकाळी मी तुझ्या त्या चित्रकलेच्या मास्तरांना घेऊन गोठवलेलं दही खायला गेलो होतो. दचकू नकोस. तू त्यांच्याशी लग्न करण्याबद्दल विचारलंस त्याला महिना होत आला आणि मी फोनवर नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारत राहिलो, म्हणून त्यांचाच धीर सुटला असावा. सुट्टीला आईकडे आले होते, तिथून सरळ आमच्या दारात. चपला काढाव्यात की नाही, याच विचारात उभे. तुझ्या सासूनं पाणी दिलं, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाली, "दोघं मिळून भिंतीकडेच बघणार असाल तर बाहेर जाऊन कुठली तरी दुसरी भिंत बघा." पाय सवयीनं तिकडेच वळले.

आपली तिन्ही दुकानं अजून आहेत. औषधांच्या दुकानाशेजारचं आहे, त्याच्या यंत्राचे दांडे तसेच घट्ट. ओढलं की आधी काहीच येत नाही आणि मग एकदम भसकन कपाबाहेर. शिकवणीच्या वर्गाखालचं आहे, भिंतभर नळ, प्रत्येकावर निराळ्या फळाचं चित्र आणि चव सगळ्यांची एकच. मास्तरांना मी तिसऱ्या दुकानात नेलं, बसथांब्यासमोरच्या. तिथे चव बघायला अजून बोटभर कागदी वाटी देतात, आणि काट्यावर कप ठेवला की ती बाई वजनाबरोबर घरची चौकशीही करून घेते. "आज पाहुणे कोण आणलेत?" असं तिनं विचारलंच. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

ही दुकानं आपल्याला त्यानं दाखवली. तुझं नि त्याचं लग्न नवं होतं. आपला कप आपण भरायचा, वर हवं ते टाकायचं आणि शेवटी वजन करायचं, हे मला आधी पटेचना. आमच्या गावच्या शाळेत वाढणारा वाढेल तेवढंच ताटात घ्यायचं. स्वतःच्या हातानं वाढून घेतलं तर गुरुजी हावरट म्हणायचे. मी आपला तळाला दोन चमचे घ्यायचो. तो मात्र असा मनोरा रचायचा की काट्यावरची बाई म्हणायची, "वरचा मजला चढवायला परवानगी काढलीय का?" तू शिकवणीखालच्या दुकानाची बाजू घ्यायचीस, तो औषधवाल्याशेजारच्याची, आणि मी दोघांना हो म्हणायचो. घरी आलो की तुझी सासू कपाळाला हात लावायची. घरात दही लावलेलं असताना तिघं बाहेर जाऊन दही खाता, आणि तेही गोठलेलं!

मग त्या अपघातात तो गेला. त्यानंतरच्या एका रविवारी तू दारात येऊन नुसतं म्हणालीस, "बाबा, येताय?" कुठे ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. पुढे दर रविवारी जात राहिलो. काय बोलायचो आपण? त्याच्याबद्दल कधीच नाही. दह्याबद्दल. कुठलं आंबट झालंय, कुठल्यात नुसती साखर, कुठल्यात आज बर्फाची कचकच लागली. जणू कुणी आपल्याला परीक्षक म्हणून नेमलं होतं. मला कशाचीच चव लागत नव्हती. गार आहे एवढंच कळायचं. घरच्या जेवणाचंही तेच. दवाखान्याच्या शिवणखोलीत फाटक्या चादरींना ठिगळं लावताना सुई बोटात जायची, तर आधी चादरीला डाग पडला का ते बघायचो, बोट नंतर. सकाळी देवापुढे बसायचो, ओठ हलायचे. रागही येत नव्हता. राग आला असता तर निदान देवाशी बोलणं तरी झालं असतं.

तुझी बदली झाली तेव्हा बसमध्ये चढता चढता तू म्हणालीस, "बाबा, रविवारी एकटे असलात तरी जात जा. तुम्हाला ते दही आवडतं." मी म्हटलं, "मला? मी तर तुझ्यासाठी यायचो. तुला आवडतं म्हणून." तू पायरीवर तशीच थांबलीस. "माझा तर त्यानं घसा धरायचा," म्हणालीस. मागचा माणूस ओरडला, बाई, आत व्हा नाहीतर खाली उतरा, आणि तू हसलीस. कितीतरी महिन्यांनी. बस गेल्यावर मी तिथेच बाकावर बसून राहिलो. वर्षभर आपण दोघं एकमेकांच्या नावानं ते गिळत होतो.

मास्तरांनी मात्र एक चमचा खाल्ला आणि कप बाजूला सारला. "काका, माझे दात शिवशिवतात. मला नाही आवडत हे. मी तुमच्याशी बोलायला आलोय." मला बरं वाटलं असं म्हणवत नाही, पण मी मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. ते म्हणाले, "ती म्हणते, बाबा बोलत नाहीत तोवर हा विषय काढायचा नाही. तिला वाटतं तुम्ही दुखावलात. मी घाई करत नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तरी ते तिला एकदा कळू दे."

दुखावलो नव्हतो, गं. मला वाटत होतं, चटकन हो म्हटलं तर तू म्हणशील, बाबांना ओझं उतरवायची घाईच होती. म्हणून मी तुझ्यासाठी गप्प, आणि तू माझ्यासाठी थांबलेली. तेच चालू होतं, फक्त मध्ये दह्याचे कप नव्हते.

मी मास्तरांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग त्यांनीच विचारलं, तो कसा होता? हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळे कसं झालं तेच विचारतात. मी सांगत गेलो. त्याचे मनोरे, त्याचं खोटं खोटं भांडण, तापातसुद्धा गाणं म्हणायचा ते. मधेच आवाज गेला तर त्यांनी माझ्याकडे न बघता टेबल पुसायला घेतलं. माझ्या कपातलं सगळं पाणी झालं होतं.

नंतर आठवडाभर माझं हातात घेतलेलं काम हातातच राहायचं. देवापुढे लहानपणापासूनचं तेच म्हणतो, सगळ्यांना सुखी ठेव. एका सकाळी तिथेच अडलो. सगळ्यांत तू येतेस, आणि तुझ्यापुरतं तरी ते देवावर टाकून मला बसता येणार नव्हतं.

आज सकाळी तुझ्या सासूला म्हटलं, तयार हो. ती म्हणाली, "मी आठवडाभर तयारच आहे. तुमचंच जोडे घालणं व्हायचंय." बसनं आम्ही मास्तरांच्या आईकडे गेलो. तुझे वडील तुझ्या लहानपणीच गेले, तुझ्या आईला एवढा प्रवास झेपत नाही. तरी तिला आधी फोन केला होता, ती रडली आणि म्हणाली, तुम्हीच जा. दार मास्तरांच्या आईनंच उघडलं. ओळख पटेना, तेव्हा चष्मा सावरत विचारलं, "आपण कोण?" लोकांना मी इतकी वर्षं त्याचा बाप म्हणून माझी ओळख सांगत आलो. हे तुला फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "आम्ही मुलीकडचे. लग्नाचं बोलायला आलोय."

तुझाच,
बाबा