तिसऱ्या मिनिटाचा दात

४ नोव्हेंबर

दात पुन्हा आला! सलग अकराव्यांदा! शटर लावल्यावर तिसऱ्या मिनिटाला, नेमका तिथेच. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार कोणाला — पंपाला?

५ नोव्हेंबर

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच खोटं वाटायचं. निर्वात पेटीत काचेची पातळ पट्टी, तिच्यावर खालून चांदीची वाफ. चांदी आधी सुटी सुटी बसते, बेटांसारखी. बेटं वाढतात, एकमेकांना भिडतात आणि भिडताना ओढून धरतात. पट्टी एका बाजूला वाकते. थर सलग झाला, की नवे कण दाटीवाटीने फटींत घुसतात. मग उलट ढकलाढकल, पट्टी दुसऱ्या बाजूला. पट्टीवरून परतणारा लेझरचा ठिपका सरकतो, त्याची रेघ संगणकावर उमटते. मध्येच शटर लावून वाफ अडवली, की थर हळूहळू सैलावतो. इथवर पुस्तकात आहे. पण सैलावताना माझ्या रेघेला एक बारीक दात येतो, आणि तो कुठल्याच पुस्तकात नाही!

शटर लावल्यानंतरचा वेळ मला दिवसभरात सर्वांत आवडतो. वहीत आकडे टिपायचे, पेनाला टोपण लावायचं, मग पेटीच्या काचेला कपाळ टेकून आत बघत राहायचं. काच कोमट असते. बरं वाटतं.

९ नोव्हेंबर

रविवार. भाजीवालीला ‘पाव किलो’ म्हणताना आवाजच फुटेना. शुक्रवारपासून तोंडच उघडलं नव्हतं. तिने पाणी दिलं. लाज वाटली.

११ नोव्हेंबर

सरांनी रेघ पाहिली. चष्मा वर, चष्मा खाली. ‘दुसऱ्या कोणाच्या हातून हाच दात आला, तर मानीन. तू खोलीत असता कामा नये.’ आला तर माझी संशोधनाची मुदत वर्षभर वाढेल. नाहीतर डिसेंबरअखेर गाशा गुंडाळायचा.

दुसरं कोणी! या मजल्यावर आहेच कोण? दोन वर्षांत माझं दार वाजलं ते एकदाच, आगीची घंटा तपासायला. मी इथे आहे की नाही, याची कोणाला खबरही नाही.

१२ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरच्या पंपवाल्या काकांना विचारलं. हे यंत्र त्यांनीच बसवलेलं. ‘करू की! त्यात काय एवढं?’

चार पानं लिहून दिली. कोणतं बटण, कितव्या मिनिटाला — काही म्हणता काही सोडलं नाही.

१३ नोव्हेंबर

घरी. तीनदा चहा केला, तीनदा गार झाला.

१४ नोव्हेंबर

आला!!! तिसऱ्या मिनिटाला! माझा दात, दुसऱ्याच्या हातून! सर चक्क ‘अभिनंदन’ म्हणाले. आईला फोन केला. तिला काय कळलं देव जाणे, पण ती रडली. मग मीही.

१७ नोव्हेंबर

काकांचे आभार मानायला खाली गेले. म्हणाले, ‘एक गोष्ट लिहायला विसरलात हं मॅडम. पण मी केली.’

‘कोणती?’

‘शटर लावून, वही लिहून झाली की काचेला डोकं टेकून उभं राहायचं. येता-जाता दाराच्या काचेतून दिसता ना. दोन वर्षं बघतोय, कधी चुकला नाहीत.’

मी हसले. वर आले.

डोकं न टेकता पट्टी केली. रेघ गुळगुळीत. दुसरी केली, कपाळ टेकलं — दात. तिसरी, न टेकता. गुळगुळीत. माझ्या डोक्याच्या भाराने पेटी केसभर कलते आणि ठिपका सरकतो. एवढंच. अकरा वेळा मी माझंच कपाळ मोजलं. खोलीत दुसरं माणूस असतं, तर पहिल्याच दिवशी म्हणालं असतं — अगं, बाजूला हो!

१८ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘तूच पकडलंस, बरं झालं.’ मुदतीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

जाताना काकांकडे डोकावले. विचारलं, ‘मी तशी उभी असायची, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?’

पाना खाली ठेवून म्हणाले, ‘वाटायचं, मॅडम फार दमल्यात. चहाला हाक मारावी. पण म्हटलं, यंत्राचंच काही काम असेल.’