लेकीच्या घरचं पाणी

माऊन, बोत्सवाना
३ ऑगस्ट २०२५

सौ. अन्नपूर्णा हिस,
उकंडरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. कानाचं यंत्र विमानातच बंद पडलं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. हे पत्र जावई हर्षलराव फोटो काढून गोविंदाला पाठवतील, तो मेहकरात छापून तुला आणून देईल. पुतण्या फुकट राबतो, त्याला चहा पाज.

हा मुलूख पाहून मती गुंग झाली. चार महिन्यांत पावसाचा थेंब नाही, पायाखाली नुसता फुफाटा, आणि तरी नदी काठोकाठ! हर्षलराव सांगतात, पाऊस दूर दुसऱ्या देशात पडला, आपल्याकडे पौष-माघ होता तेव्हा. ते पाणी रमतगमत आत्ता इथं पोचलं. काल आपली अपेक्षा आणि मी मोकोरोत बसलो, म्हणजे डोंग्यासारखी चिंचोळी होडी. नावाडी उभ्यानं लांब काठी टेकत नेतो. आवाज म्हणून नाही. कमळं हाताला लागत होती. हरणं गुडघाभर पाण्यातून उड्या मारत गेली, पलीकडच्या बेटावर एक हत्ती अंगावर माती उधळत होता. मी जागा आहे की झोपेत, तेच कळेना. नावाड्यानं कमळाचा देठ तोडून नळीसारखा दिला, त्यातून नदीचं पाणी पोटभर प्यालो. नदी काही कोणाच्या घरची नसते.

घरी मात्र रीत सोडलेली नाही. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी बापाला चालत नाही. अंगणात तीन दगडांची चूल मांडून तू दिलेल्या शिध्याची खिचडी करतो, पाणी दुकानातून आणतो. अपेक्षा रोज सकाळी तांब्या भरून माझ्याजवळ ठेवते आणि संध्याकाळी झाडाला ओतते. पोर समजूतदार आहे.

बैलांना तण काढायच्या डवऱ्याला फार जुंपू देऊ नकोस. मी नाही म्हणून लोभ आटवू नकोस.

उकंडराव


हिवरा आश्रम, ता. मेहकर
९ ऑगस्ट

अपेक्षाच्या बाबांस,
सौ. अन्नपूर्णाचा शि. सा. न. वि. वि.

बैल धडधाकट आहेत, सोयाबीन फुलावर आलं. तुमची नदी वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. पण पुढचं वाचून डोकं फिरलं. समुद्र ओलांडून गेलात आणि लेकीच्या दारात गोसाव्यासारखी चूल मांडून बसलात! वर तिलाच समजूतदार म्हणता. तुम्हाला काय दिसतं हो?

तिनं मला शपथ घातली होती, ती आज मोडते. दोन वर्षांमागं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, मूल होणार नाही. दोघांनी ते पचवलं. जावईबापूंनी एका शब्दानं तिला दुखवलं नाही. तुमचं तिकीट निघालं त्या दिवशी मात्र तिनं मला विचारलं, की आई, मले तं लेकरू होणारच नाही, मंग बाबा माह्या हातचं पाणी कधीच पिणार नाहीत काय? याचं उत्तर तुम्ही द्या.

रीत तुमच्या आजानं पाळली, वडिलांनी पाळली, ठाऊक आहे मला. त्यांच्या लेकींची पोरं दीड वर्षात रांगत होती. त्यांचं काय गेलं पाळायला?

हे पत्र तिच्या हाती न देता तुम्हालाच द्यावं, असं जावईबापूंना कळवलं आहे. राग तुमच्यावर, लोभही तुमच्यावरच.

सौ. अन्नपूर्णा


माऊन
१२ ऑगस्ट

ती. आईस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता तर रडले असते आणि तू घाबरली असतीस. म्हणून लिहिते.

हर्षलनं काल बाबांना तुझं पत्र दिलं. ते वाचून बाबा नदीवर जाऊन बसले. सारी दुपार पाण्याकडे बघत होते. पक्षी येत होते, जात होते, बाबा हलले नाहीत. इथं मगरी असतात, म्हणून हर्षल लांबून राखण करत उभा.

संध्याकाळी आले ते चुलीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात. मी इथल्या ज्वारीच्या भाकरी थापत होते. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि पाणी दे म्हणाले. मी त्यांची दुकानातली बाटली आणायला वळले, तर ओरडलेच, की ते नाही, तुह्या घरचं दे.

मी पिठाच्या हातानंच पेला भरून दिला, तो निसटून अर्धा त्यांच्या धोतरावर सांडला. उरलेला त्यांनी एका दमात संपवला. रीत मोडली ना बाबा, असं मी विचारलं. ऐकू जाईना, म्हणून ओरडून विचारलं. बाबा म्हणाले, लेकरू झाल्यावर प्यावं अशी रीत हाय ना? माह्यं लेकरू होऊन चौतीस वर्सं झाली. वाढ भाकर, भूक लागली.

आई, चार खाल्ल्या. मी मोजल्या. लोभ असावा हे तुला लिहायला नको, तरी लिहिते.

तुझी
अपेक्षा