कोण बद्रीनाथ सर?

धायरी,
३ जुलै २०२५

प्रिय सूरज,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे मामाच्या हाती देतेय. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता कमी दुखतो. मांजरी गावात मामाच्या रोपवाटिकेत तुझं मन रमलंय, असं मामी सांगत होती. रमलं असेल तर चांगलंच आहे.

फाट्यावरचा माझ्या सीईटीच्या निकालाचा फ्लेक्स काढला. आपल्या कॉलेजवाल्यांनीच, रविवारी संध्याकाळी. दोऱ्यासुद्धा सोडल्या नाहीत, कापूनच नेला. तू घर सोडलंस ते तो फ्लेक्स बघून, असं आई म्हणते. मी तिच्याशी वाद घालते, पण मला तरी कुठे माहीत आहे.

शनिवारी सत्काराची तालीम होती. तिथे तुझ्या वर्गातला तेजस दाखला घ्यायला आला होता. मी सहज म्हटलं, "बद्रीनाथ सर वर आहेत, भेटून जा."

तो म्हणाला, "कोण बद्रीनाथ सर?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. बद्रीनाथ सरांनी मला दोन वर्षं फिजिक्स शिकवलं. अडलं की रात्री जेवण सोडून हॉस्टेलवर यायचे. त्यांच्यामुळे मला सीईटी जमली, हे मी कुणालाही सांगेन. आणि त्याच इमारतीत शिकलेल्या तेजसला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

दहावीनंतर कॉलेजचे डायरेक्टर पेढे घेऊन आपल्या घरी आले होते. माझी फी माफ केली आणि म्हणाले, "भावालाही इथेच घाला, दोघं एकत्र शिकतील." एकत्र कुठे शिकलो आपण? मी स्पेशल बॅचला, तिसऱ्या मजल्यावर, राहायला हॉस्टेलवर. तू पूर्ण फी भरून तळमजल्यावर. मी सुट्टीला आले की विचारायचे, "तुझं कसं चाललंय?" तू म्हणायचास, "चाललंय."

तेजसने सगळं सांगितलं. तुमच्या वर्गावर आदल्या वर्षी पास झालेली मुलं यायची आणि नोट्स वाचून दाखवायची. तू अकरावीतच अप्पांना हे सांगितलं होतंस, आणि वर हेही, की "तायडीला कळू देऊ नका, तिचं लक्ष उडेल."

घरी येऊन अप्पांना विचारलं. ते चप्पल काढत होते. खाली बघूनच म्हणाले, "बोलला व्हता. मला वाटलं, पोरगं कारणं सांगतंय. तुझं तर तिथंच बरं चाललं व्हतं ना."

आणि माझं खरंच बरं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सत्काराला शेजारच्या गोदाबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या स्वरालीची अकरावीची ॲडमिशन अडली होती. मला म्हणाल्या होत्या, "तुझ्या तोंडून ऐकते, मगच घालते." मी काय बोलायचं ते डायरेक्टरांनी पाठ करून घेतलं होतं. शेवटचं वाक्य होतं, "इथे सगळ्यांना सारखंच शिकवतात." तिथवर आले आणि ते वाक्य सोडून दिलं. मी म्हणाले, "मला फार चांगलं शिकवलं. पण माझा जुळा भाऊ याच इमारतीत खालच्या मजल्यावर होता. त्याला हे सर दोन वर्षांत एकदाही दिसले नाहीत. फी भरण्याआधी कुठल्या मजल्यावर बसवणार, ते विचारून घ्या."

माईक बंद झाला. गोदाबाई उठून उभ्या राहिल्या. "मग आमची पोरगी कुठल्या मजल्यावर?"

डायरेक्टर म्हणाले, "ते मार्कांवर ठरतं, मावशी."

"आणि फी?"

मागच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. बद्रीनाथ सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचं अजून वाईट वाटतं.

मी स्टेजवरून खाली उतरले तर डायरेक्टर हसत हसत म्हणाले, "तुमचा दाखला अजून आमच्याकडेच आहे, नाही का?" सूरज, मी घाबरले. दाखल्याशिवाय इंजिनिअरिंगची ॲडमिशन कशी होणार? रात्रभर वाटत होतं, कशाला बोलले.

सोमवारी अप्पा एकटेच कॉलेजात गेले. भांडले नाहीत. ऑफिसच्या दारातच खाली बसले. येणारे पालक विचारायचे, "काय झालं?" अप्पा म्हणायचे, "पोरांचं दाखलं घ्यायला आलोय." दुपारी दोघांचेही दाखले मिळाले. घरी आल्यावर माझा माझ्या हातात दिला. तुझा खिशातच ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाहीत.

सीईटीच्या निकालात तुझ्यामाझ्यात पडलेलं अंतर किती आपलं आणि किती त्या जिन्याचं, मला सांगता येत नाही. तू माझ्याएवढाच हुशार आहेस, असं लिहिलं तर तू हा कागद फाडशील. म्हणून लिहीत नाही. पुन्हा परीक्षा दे, असंही म्हणत नाही. द्यायची असेल तर बद्रीनाथ सरांनी जे शिकवलं, ते सगळं मी तुझ्यासमोर बसून शिकवेन.

रविवारी अप्पा तुझा दाखला घेऊन मांजरीला येतील. माफी बिफी त्यांच्याच्याने मागवणार नाही. पावसापाण्याचं विचारतील, मामाच्या रोपांचे भाव विचारतील आणि उठायला लागतील. तू बोलू नकोस हवं तर. पण त्यांना लगेच उठू देऊ नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या बोलण्याची वाट बघणारी,
तायडी