लायटरमधला खडा

ती. बाबा,

नमस्कार. वाकून करायचा तो घरी आल्यावर करेन.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. माझे जीवाणू काचेच्या बाटल्यांत छान वाढत होते. बाटल्या धुवायचा कंटाळा म्हणून मी प्लास्टिकच्या घेतल्या, तर वाढच थांबली.

"उपाशी मारलंस की गं त्यांना," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. काचेतून ते कणभर सेरियम मिळवत होते. तो धातू नसला की पुढ्यातलं अन्नही त्यांना पचत नाही. गंमत आहे ना?

तुमच्या सिगारेटच्या लायटरमध्ये ठिणगी पाडणारा खडा असतो, त्यातही हेच सेरियम असतं. आई तुमच्या खोकल्याबद्दल हल्ली काहीच लिहीत नाही, म्हणजे तो थांबलेला नसणार.

तेवढा खडा काढून पाठवा. इथे दुकानात मिळतो, पण मला तुमचाच हवा.

तुमची,
धाकटी