गौरीच्या दुधाचा आकडा

मंगळवार, दिवेलागणीला

नात सोनाली कॉम्प्युटरवर दुधाच्या नोंदीचा प्रोग्रॅम बनवतीय. तपासून बघायला तिनं माझी जुनी वही काढली, आमच्या गौरी म्हशीची. रोजचं दूध मीच लिहायचे, वेड्यावाकड्या अक्षरात. सगळं बरं चाललं व्हतं, एका पानावर अडलं. तिथं नुसतं ‘रेडकू प्यायलं’ लिहिलंय.

तिनं तेच टाईप केलं, तर चौकटीत अक्षर उमटंना.

"आजी, इथं फक्त आकडाच घेतं. मीच तसं केलंय. शून्य टाकते."

"शून्य कसं? म्हस आटली व्हती का? रेडकू आजारी व्हतं, म्हणून सगळं त्यालाच सोडलं."

"मग किती लिटर?"

"तुला तुझ्या आईनं लिटरनं पाजलं का गं?"

हसली बया. पण चौकट मोकळी ठेवून पुढं जाता येईना.

मला ती सकाळ आठवली. रेडकू लटपटत पीत व्हतं, गौरी त्याला चाटत उभी. मी रिकामी चरवी घेऊन घरात आले. ह्यांनी कोराच चहा प्यायला. रेडकू प्यायलं, त्यात सगळं आलं की.

शेवटी मीच सोनालीला म्हणाले, "चार लिही."

अंदाजच तो, खोटाच. पण शून्य त्याहून खोटं झालं असतं.