बांधाखालचं घर

१४ ऑक्टोबर, सकाळचे साडेनऊ

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आपल्या घराण्यात कुरकुरणारा तो काही पहिला नाही. तुझी बदकं चांगली गुटगुटीत दिसली. कुंपणाला नवा रंग दिलायस, छान आहे.

मी दार वाजवलं तेव्हा तू पडद्याआडून पाहिलंस आणि कडी घातलीस. ऐकू आली मला. म्हणून तुझ्याच पायरीवर बसून लिहिते आहे. झालं की दाराखालून सरकवेन. फाडायचं तर वाचून फाड.

तुझ्या घरामागचा दलदलीचं पाणी अडवणारा सरकारी बांध माझ्याकडे तपासणीला आहे, हे तुला ठाऊक आहे. दर तीन वर्षांनी मी येते, बांधाच्या माथ्यावरून चालते आणि तुझ्याकडे न येता परत जाते. अशा प्रत्येक बांधाला आम्ही धोक्याचा वर्ग देतो. तो बांधाच्या तब्येतीवरून ठरत नाही. बांध फुटला तर खाली कोण सापडेल, यावरून ठरतो. खाली नुसतं रान असेल तर कमी धोका. एक माणूस जरी राहत असला तरी जास्त. मग दरवर्षी तपासणी, दुरुस्ती, भोंगा, सगळं.

हा बांध कालपर्यंत कमी धोक्याचा होता. कागदावर.

सहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा तू मला याच दारात अडवलंस. "या घरात तुझं कोणी राहत नाही," म्हणालास. पंधरा दिवसांनी मी तपासणीला आले. अंगणात तुझा सदरा वाळत होता. तो बघत बघत मी 'खालील वस्ती' या रकान्यात लिहिलं, 'नाही'. रागाच्या भरात लिहिलं. उद्या खोडू म्हटलं, तर फाइल साहेबांकडे गेलेली. तीन वर्षांपूर्वी तिथेच 'मागीलप्रमाणे' लिहिलं. आमचं निम्मं कार्यालय या एका शब्दावर चालतं.

तू का अडवलंस तेही लिहिते. आईचे शेवटचे चार महिने तू एकट्याने काढलेस आणि मी तपासणीचा हंगाम आहे म्हणून सांगत राहिले. हंगाम नव्हता, दादा. तिला तसं पाहायची मला भीती वाटली. चुकलं माझं. तेव्हापासून रोज जेवताना मी समोरच्या रिकाम्या खुर्चीला हेच समजावते आहे.

काल बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं. स्वच्छ असतं तर घाबरले नसते. हे गढूळ आहे, म्हणजे आतली माती वाहून चालली आहे. पाणी सोडायची झडप गंजून बसली आहे आणि पाणी उपसायचा पंप उद्या येणार.

मी कालच रकाना दुरुस्त केला: एक घर, एक माणूस. आधीची नोंद मी जाणूनबुजून खोटी केली, हेही लिहून सही केली. साहेब म्हणाले, "बाई, नोकरी जाईल." म्हटलं, जाऊ दे.

घर रिकामं करायची नोटीस घेऊन आमचा माणूस उद्या दुपारी येईल. बांध तोवर टिकेल, असं मी कुणाला लिहून देणार नाही. बदकं सोड, औषधं घे. गाडी वरच्या रस्त्यावर आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर मागच्या सीटवर बस.

पण तू बाहेर येईपर्यंत मी या पायरीवरून उठणार नाही. आलंच पाणी, तर दोघांच्याही अंगावर येईल.

तुझीच,
धाकटी