परसातला आगाप आलूचा वाफा कोणी घ्यावा

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

लिहून ठेवणार आनंदाबाई, कै. लक्ष्मणराव भोयर यांची पत्नी, वय एकावन्न, मॅट्रिक पास, राहणार सिंदी मेघे, जिल्हा वर्धा. आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही, आणि हे मी कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. सांगायला बरेच जण येऊन गेले.

१. राहते घर माझ्या स्त्रीधनातून घेतलेले आहे. ते मुलगा केशव यास. देवघर मात्र हलवू नये. त्या कोनाड्यात रेडिओ छान बसेल, असे सूनबाई प्रमोदिनी शेजारणीला म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

२. पितळेची भांडी प्रमोदिनीस. ती मी मोजून ठेवली आहेत, हे तिला ठाऊक आहे.

३. घरामागचा विहिरीजवळचा वाफा घरात धरू नये. तो मोडून आणि त्याला लागून असलेली मागची खोली पाडून केशवला भाडेकरूंसाठी चाळ बांधायची आहे. त्या वाफ्यात मी दरसाल आगाप, म्हणजे हंगामाआधी निघणारे, आलू लावते. गणपती बोळवले की कोंब फुटलेले बेणे चिरायचे, प्रत्येक फोडीला दोन डोळे ठेवायचे, राखेत घोळून लावायचे. रोप वीतभर झाले की मातीची भर द्यायची. कार्तिकी एकादशीला पहिली टोपली केळझरच्या गणपतीला, मग घरात उपासाला. देवाच्या आधी कोणी हात लावायचा नाही.

पण कोणीतरी लावतो. एकादशीला खणावे तर झाडे हिरवीगार आणि खाली नुसत्या गोट्या. उंदीर असता तर दात दिसले असते, डुक्कर असते तर वाफा उलटला असता. हा जो कोणी आहे तो वरंब्याच्या कुशीतून बोटे घालतो, मोठे तेवढे चाचपून काढतो, मूळ दुखवत नाही आणि माती परत दाबून ठेवतो. गेल्या साली पाऊल उमटावे म्हणून मी वाफ्याभोवती राख पसरली. सकाळी राख तशीच. फक्त माझी जाडीभरडी होती, ही चाळलेली.

४. संशय कोणाकोणावर, तेही नोंदवते. शेजारचे निवृत्त मास्तर प्रभाकरराव कुंपणाशी उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, यंदा आलू चांगले पोसले बरं का." जमिनीखालचे यांना कसे दिसले? प्रमोदिनीला म्हणे खुरपे कुठे असते तेही माहीत नाही; म्हणून तिच्यावर जास्त. तिसरी माझी धाकटी विधवा जाऊ मनकर्णाबाई. ती मागच्या खोलीत राहते. विचारले तर म्हणाली, "मले काय करायचं बाई तुमच्या आलूचं? तुम्ही तं वाफ्याकडं पाहू बी देत नाई." पाहू देत नाही हे खरे आहे.

५. सबब, माझ्यामागे जो कोणी पंचांसमोर झाड न उपटता मोठे आलू काढून दाखवील आणि ते झाड पुढे मान टाकणार नाही, त्याला वाफा व विहिरीचे पाणी द्यावे. चोर आपोआप उजेडात येईल. वाफाही जगेल, केशवच्या हाती गेला तर जगत नाही.

६. साक्षीदाराने या मृत्युपत्रातून काही घेऊ नये, हा माझा नियम.

इथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी प्रभाकरराव व मनकर्णाबाई यांस बोलावून सर्व वाचून दाखविले. प्रभाकररावांनी लगेच सही केली. मनकर्णाने टाक हाती घेतला, सहावे कलम पुन्हा वाचायला लावले आणि टाक खाली ठेवला.

"काऊन गं?" मी विचारले.

"मी नाई करत सही. माझ्या जागी गावातल्या तानबाले बोलवा."

"सही येते की तुला."

"येते. पण केशव चाळीची भिंत घालीन तं मले खोलीतून ऊठ म्हणीन. मंग मी कुठं जाऊ?" दाराशी जाऊन ती वळली. "अन् यंदा राख टाकू नका बाई. चाळता चाळता डोळ्यात जाते."

प्रभाकररावांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

७. पाचव्या कलमातील परीक्षा रद्द. वाफा, विहिरीचे पाणी व मागची खोली मनकर्णाबाईस, ती आहे तोवर. केशवने तिला ऊठ म्हणू नये. अट एकच: एकादशीची पहिली टोपली केळझरला जावी, आणि तीत मोठे आलू असावेत.

मुक्काम सिंदी मेघे, रविवार, ता. ६ ऑक्टोबर १९५७

सही: आनंदाबाई लक्ष्मणराव भोयर

साक्षीदार:
१. प्रभाकरराव, निवृत्त शिक्षक (सातवे कलम वाचून पुन्हा सही केली)
२. तानबा, राहणार येथीलच (सर्व वाचून दाखविल्यावर अंगठा, वाफ्याशी आपला संबंध नाही असे देवासमोर सांगितले)